काही न करण्याची पाळी

लेप्लेबाईंच्या दाराला पाटी लागली की सगळं घर सुटकेचा निःश्वास टाकायचं, आणि त्याच दमात धास्तावायचंही. सुटका अशासाठी की हा आठवडा आपल्याला झाडावं लागणार नाही. धास्ती अशासाठी की पुढच्या आठवड्यात आपण जे काही झाडू, त्याची तुलना लेप्लेबाईंच्या झाडण्याशी होणार.

पाटी तशी साधीच, लाकडाची, दोरी ओवलेली. ‘झाडण्याची पाळी’ एवढंच तिच्यावर लिहिलेलं. ज्याच्या दाराच्या मुठीला ती लटकते त्याने तो आठवडा जिना पुसायचा, अंगण, तळघराच्या पायऱ्या आणि दारापुढचा फुटपाथ लख्ख ठेवायचा, आणि शनिवारी पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवून मोकळं व्हायचं. स्टुटगार्टमध्ये माणूस रविवारी चर्चला गेला नाही तर कुणी विचारत नाही. शनिवारी खराटा घेऊन दिसला नाही तर आजारी आहे का म्हणून चौकशी होते. बाहेरून आलेले लोक याला हसतात. हसोत बापडे. त्यांच्या जिन्याच्या कठड्यावरून एकदा बोट फिरवून बघावं, म्हणजे हसावं कुणाला ते कळतं.

गर्ट्राउड लेप्ले दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. सत्तरी ओलांडलेली, पण पाठीचा कणा खराट्याच्या दांड्यासारखा ताठ. फरशांच्या फटीत उगवणारं गवत हा त्यांचा जन्माचा वैरी. जुनी सुरी घेऊन त्या अंगणात बसल्या की एक पातं जिवंत सुटत नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्याच्यामागे त्यांनी स्वतःला कामात असं गाडून घेतलं होतं की रिकामं बसणं म्हणजे काय हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

तळमजल्यावर ऑयगेन बीलर राहत आणि खाली तळघरात अकॉर्डियन दुरुस्त करत. एखादं वाद्य बरं झालं की ते पोटाशी धरून बीलर एक चाल वाजवून बघत. ती चाल अंगणातून चढत थेट लेप्लेबाईंच्या स्वयंपाकघरात यायची. बाई खिडकी उघडून खाली ओरडायच्या, “हेर बीलर, जगात दुपारची झोप नावाची एक गोष्ट असते.”

“माफ करा, फ्राउ लेप्ले,” खालून आवाज यायचा, आणि मग जरा हळू, आणखी एक चाल.

बाई खिडकी लावायच्या, पण पूर्ण नाही. ज्या दिवशी खालून काहीच यायचं नाही त्या दिवशी त्यांना कॉफी पानचट लागायची. शनिवारी झाडून झालं की अंगणातल्या बाकावर दोघं बसत; बाईंचा वेणीसारखा गुंफलेला गोड पाव आणि बीलरांची कॉफी. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसत, आणि बहुतेक वेळ तिसऱ्या मजल्यावरच्या मल्टेच्या झाडण्याला नावं ठेवण्यात जाई. बाईंच्या आठवड्यातला हा सगळ्यात चांगला तास होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बीलरांना तर नाहीच नाही.

आता पाण्याचं सांगायला हवं. शहराच्या हेस्लाख भागातली ही गल्ली डोंगराच्या अगदी पायाशी. उन्हाळ्यात वरच्या जंगलावर ढग फुटला की पाणी सगळीकडून खालीच धावतं. त्यात घराच्या मागे लागून जुन्या छापखान्याची बैठी इमारत, आता ती याच घराच्या मालकीची, तिथे गाड्या ठेवतात. तिचं छप्पर लांबरुंद, सपाट, डांबरी. त्या छपरावर पडलेला थेंब न थेंब एका पाइपातून अंगणात कोसळायचा. अंगणातल्या गटाराच्या जाळीला तेवढं गिळवायचं नाही, आणि मग पाणी निवांत, पाहुण्यासारखं, तळघराच्या पायऱ्या उतरायचं.

अकॉर्डियनला ओल म्हणजे विष. मेण सुटतं, चामडं फुगतं, आतल्या धातूच्या जिभल्या गंजतात. एका उन्हाळ्यात तर बीलरांच्या पेट्या तळघरात तरंगत होत्या. ते गुडघ्यापर्यंत पँट दुमडून एकेक उचलत होते, आणि त्यातली एक उचलताना तिच्या पोटातून आपोआप एक लांब सूर निघाला, दुखल्यासारखा. तो ऐकून पायरीवर उभ्या असलेल्या लेप्लेबाई बादली घेऊन पाण्यात उतरल्या.

“आणखी एकदा पाणी आलं की मी निघालो,” बीलर म्हणाले. “रावेन्सबुर्गला मुलीने गॅरेज रिकामं करून ठेवलंय. कोरडं आहे म्हणते.”

“रावेन्सबुर्गला कोण ऐकणार तुमचा गोंगाट?” बाई म्हणाल्या.

“गॅरेज गावाबाहेर आहे. कुणी नाही ऐकणार.”

बाईंनी बादली भरली आणि उपसली. 

घरातल्या सगळ्यांची बैठक बसली ती पहिल्या मजल्यावर, वासिलिकीकडे. वासिलिकी जन्माने ग्रीक, पण फ्रॉक घालायच्या वयात इथे आलेली आणि खराट्याच्या बाबतीत कुठल्याही इथल्या बाईला हार न जाणारी. तिने चीजच्या पेस्ट्र्या ठेवल्या. तिसऱ्या मजल्यावरचा मल्टे म्हणाला, “मागच्या छपरावर झाडं लावू या. झाडं म्हणजे बुटकी, जाड पानांची. खाली खडीसारखी हलकी माती. पाऊस पडला की छप्परच पाणी पिऊन ठेवतं आणि मग हळूहळू सोडतं. शहरात कितीतरी ठिकाणी आहेत.”

मल्टे उत्तरेकडचा, हाम्बुर्गचा. झाडण्याची पाळी म्हणजे थट्टा आहे असं समजून त्याने पहिले काही महिने पाटी कोट अडकवायला वापरली होती. तेव्हापासून बाईंच्या लेखी तो कच्चाच होता.

“छपरावर गवत,” बाई म्हणाल्या. “मी जन्मभर जे उपटत आले ते आता वर नेऊन लावायचं?”

“गवत नाही, फ्राउ लेप्ले. फुलंसुद्धा येतात.”

“फुलं येतात म्हणजे पाकळ्या पडणार. त्या कोण झाडणार? तुमच्याकडे समुद्राचा वारा झाडत असेल, इथे माणसं झाडतात.”

मल्टेने मान खाली घातली. वासिलिकी हसू दाबत पेस्ट्री फिरवू लागली. बीलर कोपऱ्यात टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते, ते म्हणाले, “माझ्यासाठी एवढा खटाटोप नको. मी काय, आज आहे उद्या नाही.” बोलण्याच्या ओघात म्हणाले, पण बाईंनी हातातली पेस्ट्री बशीत परत ठेवली.

हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यात आधी जो हात वर गेला तो गर्ट्राउड लेप्ले यांचा. मल्टे बघतच राहिला. “काय बघतोस?” बाई म्हणाल्या. “तुझा हात दुखतोय का?”

छप्पर झालं. डांबरावर आधी जाड प्लास्टिक नि कापडं, वर लाव्हाचे खडे आणि विटांचा चुरा, आणि त्यात ती बुटकी रोपटी. काम करणाऱ्या बाईचं नाव रमोना. उन्हाने रापलेली, बोलायला फटकळ. जाताना तिने सगळ्यांना जिन्याच्या वळणावर उभं केलं. तिथली खिडकी ओलांडली की सरळ छपरावर पाऊल पडतं.

“आता ऐका. मुळं धरेपर्यंतचं पाणी आम्ही दिलंय. यापुढे काही करायचं नाही. वर्षातून एकदा मी येईन, पाइपाचं तोंड बघीन, कुठे झाडाचं रोप उगवलं असेल तर काढीन. बस.”

“आणि साफसफाई?” लेप्लेबाईंनी विचारलं.

“नाही.”

“वाळलेली पानं?”

“राहू द्यायची.”

“पाणी?”

“पावसाचं. तुम्ही नाही द्यायचं.”

बाईंनी मान डोलावली. त्यांना ते पटलं नव्हतं. कुठलंही काम असं नसतं की त्यात काही करायचं नसतं. ही बोलायची पद्धत असणार, त्यांनी मनाशी ठरवलं. पाहुणा जसा ‘काही नको हो’ म्हणतो तशी. म्हणून काय आपण त्याला उपाशी धाडतो?

त्या वसंतात छप्पर सुरेख दिसलं. पिवळी, पांढरी फुलं आली, भुंगे आले. एकदोन बऱ्यापैकी सरी झाल्या, आणि पूर्वी जो पाइप गर्जायचा त्यातून नुसती बारीक धार आली. बीलरांनी वर फळ्यांवर चढवून ठेवलेल्या पेट्या खाली उतरवल्या. शनिवारी बाकावर ते म्हणाले, “फ्राउ लेप्ले, तुम्ही हात वर केलात म्हणून हे झालं.”

“पाव खा,” बाई म्हणाल्या. कान तापल्यासारखे वाटले, म्हणून त्यांनी रुमाल सारखा केला.

मग कडक उन्हाळा आला. आठवड्यांमागून आठवडे आभाळ कोरडं. छपरावरची रोपटी आधी लाल झाली, मग तपकिरी, मग सुरकुतून इतकीशी उरली. फुलांचे देठ काड्यांसारखे उभे राहिले. बाई सकाळी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी बसायच्या आणि समोर ते भुंडं, करपलेलं छप्पर. त्यांचे हात शिवशिवायचे. पण त्याहून वाईट म्हणजे मनात यायचं, हे मेलं की पुढच्या ढगफुटीला पाणी पुन्हा तळघरात, आणि तळघरात पाणी म्हणजे रावेन्सबुर्गचं गॅरेज.

एका सकाळी घर जागं व्हायच्या आत त्यांनी झारी भरली, जिन्यावरची खिडकी उघडली आणि पाय वर टाकला. या वयात खिडकी ओलांडणं काही शोभेचं नव्हतं, पण बघायला होतं कोण. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी घातलं. झारी पुरेना तेव्हा पुन्हा भरून आणली. जाता जाता देठही खुडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. माती आधीच जरा ओलसर असायची. ते दव असेल, असं बाई धरून चालल्या. दहाएक दिवसांत छप्पर हिरवंगार झालं. मधूनमधून क्लोव्हर, डँडेलियन असलं तणही माजलं, ते त्यांनी सुरीने साफ केलं. खिडकीत कॉफी पिताना आता त्यांना स्वतःचा जरासा अभिमान वाटायचा. रमोनाला म्हणावं, ये आणि बघ.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी डोंगरामागून पिवळट काळा ढग चढला. खिडक्यांच्या फळ्या आपटल्या. आधी गारा, मग पाऊस, मग पावसाच्या नावाखाली नुसत्या बादल्या. बाई निर्धास्त खिडकीत उभ्या राहिल्या. खालचा पाइप आता बारीक गळेल, त्यांनी विचार केला.

पाइप गर्जला. पूर्वी गर्जायचा तसाच, नव्हे, जरा जास्तच. अंगण बघता बघता तळं झालं, आणि बाई बादली घेऊन जिना उतरल्या तोवर पाणी त्यांच्याआधी तळघरात पोचलं होतं.

बीलर घोट्यापर्यंत पाण्यात उभे होते. या वेळी ते घाई करत नव्हते. एकेक पेटी उचलून टेबलावर ठेवत होते, टॉवेलने पुसत होते. बाईंनी बादली बुडवली.

“राहू द्या, फ्राउ लेप्ले,” ते म्हणाले. “छपराने प्रयत्न केला बिचाऱ्याने. मुलीला फोन केलाय, आनेग्रेटला. द्राक्षं उतरवून झाली की व्हॅन घेऊन येते म्हणाली.”

“पेट्या वाळतील,” बाई म्हणाल्या.

“पेट्या वाळतील. माझे गुडघे नाही वाळत आता.”

 बाई पाणी उपसत राहिल्या, कारण तेवढंच त्यांना येत होतं.

रमोना आली ती तणतणत. आपलं छप्पर पाणी धरत नाही असं ऐकून तिचा पारा चढला होता. खिडकी ओलांडून ती छपरावर गेली, गुडघ्यावर बसली, हात मातीत खुपसला आणि मूठ आवळली. बोटांमधून पाणी गळलं. वादळाला चार दिवस उलटून गेले होते.

ती उठली. खिडकीतून डोकावणाऱ्या चौघांकडे तिने पाहिलं. “कोण पाणी घालत होतं?”

 वासिलिकीने बांगडी फिरवली. मल्टे बुटाच्या टोकाकडे बघत होता.

रमोनाने खिशातून कागदात गुंडाळलेली कालची ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचा खारा पाव, काढली. “ही कडक आहे. कॉफीत बुडवली तर कॉफी पिते. आणि आधीच भिजवून ठेवलेली असेल तर काय पिणार? छप्पर कोरडं पडतं तेच त्याचं काम असतं. लाल होतं, सुकतं, तहानलेलं राहतं, म्हणून ढग फुटला की घटाघटा पितं. तुम्ही त्याचं पोट भरून ठेवलंत. आता सांगा, कोण?”

“मी,” लेप्लेबाई म्हणाल्या. आपला आवाज इतका बारीक निघू शकतो हे त्यांनाही नवीन होतं. “सकाळी. झारीने.”

“तू?” वासिलिकी वळली. “अगं गर्ट्राउड, मी रोज संध्याकाळी बाल्कनीतून नळीने घालत होते. ती पोरं तहानेने मरायला टेकली होती, बघवेना मला.”

“म्हणजे दव नव्हतं ते,” बाई पुटपुटल्या.

मल्टेने घसा खाकरला. “मीही. कामावरून आल्यावर. मला वाटलं, हा पाळीचाच भाग असणार, नाही केलं तर फ्राउ लेप्ले ओरडतील. म्हणून माझी पाळी नसतानाही घालायचो. न जाणो.”

“पाळी नसताना?” बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत मल्टेबद्दल त्यांना पहिल्यांदाच आदर वाटला, तो नेमका या क्षणी.

रमोनाने कपाळावर हात मारला. “तीन-तीन वेळा. अख्ख्या शहरात असं फक्त तुमच्याच घरात होऊ शकतं.” मग ती बीलरांकडे वळली. बीलर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे उभे होते आणि टोपीची कड बोटांनी चाचपत होते. “तुम्हाला काय विचारायचं म्हणा, तुमचंच तळघर बुडालं,” ती म्हणाली आणि पाइपाचं तोंड बघायला गेली.

त्या संध्याकाळी मल्टेने एक नवी पाटी करून आणली. लाकडाची, दोरी ओवलेली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘काही न करण्याची पाळी’. ज्याच्या दाराला ती लागेल त्याने तो आठवडा छपरावर कुणी पाऊल टाकत नाही ना, एवढं बघायचं. स्वतः तर नाहीच टाकायचं. नुसतं ‘करू नका’ सांगून हे घर ऐकणार नव्हतं. पाळी लावल्यावर मात्र प्रश्न मिटला, कारण पाळी म्हणजे पाळी.

पहिली पाळी लेप्लेबाईंची, आणि ती महिनाभराची ठरली. जिना पुसणं, बर्फ काढणं, नाली उपसणं, सगळं त्यांनी केलं होतं; इतकं अवघड काम त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. सप्टेंबर कोरडा ठणठणीत निघाला. छप्पर लाल झालं, मग तपकिरी. कुठून तरी पिसं आली, काड्या आल्या, एक प्लास्टिकची पिशवी येऊन दोन दिवस फडफडत राहिली. बाई खिडकीचा पडदा ओढायच्या आणि पुन्हा बाजूला करायच्या. समोरच्या फ्राउ फेत्सर फुटपाथ झाडता झाडता म्हणाल्या, “तुमच्या मागच्या छपराला काही आजार झालाय का हो? आमच्या खिडकीतून दिसतं. तुमच्याकडे असं कधी बघितलं नाही.”

“त्याला तसंच ठेवायचं असतं,” बाई म्हणाल्या.

“असं? कोण म्हणतं?”

“मी म्हणते.” आणि चारचौघांत मान खाली न घालणाऱ्या लेप्लेबाई घरात शिरताना मानेपर्यंत लाल झाल्या होत्या. पण छपरावर त्यांनी पाय टाकला नाही. तळघरातून खोकी बांधल्याचा, चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता. संगीत बरेच दिवस आलं नव्हतं.

गुरुवारी त्या बाजाराला निघाल्या आणि कोपऱ्यावरून परत फिरल्या, कारण कापडी पिशवी विसरली होती. जिन्याच्या वळणावर येतात तो खिडकी सताड उघडी, आणि खिडकीच्या चौकटीवर एक करड्या पँटचा पाय. पायामागे झारी.

“उतरा खाली,” बाई म्हणाल्या.

पाय थबकला. मग बीलर सावकाश आत आले, झारी छातीशी धरून, वर्गात पकडलेल्या मुलासारखे.

“तुम्ही?” बाई म्हणाल्या. “तुमच्याच डोक्यावर येणारं पाणी तुम्ही वर नेऊन ओतता? त्या दिवशी रमोनापुढे उभे होतात, तोंडातून अक्षर काढलं नाहीत.”

“उन्हाळाभर, दर गुरुवारी,” बीलर म्हणाले. “तुम्ही बाजारात असायचात तेव्हा.”

“पण का?”

बीलरांनी झारी खाली ठेवली. “तुम्ही सकाळी खिडकीत कॉफी घेता. मी अंगणात बाक पुसत असतो, मला दिसतं. छप्पर वाळायला लागलं तसा तुमचा चेहरा... म्हणजे घरात कुणी आजारी असावं तसा. मला वाटलं, तुमच्या खिडकीसमोर हिरवं काही तरी असावं. तळघराचं काय, ते बुडतच आलंय. आणि आता तर मी जाणारच आहे, म्हटलं जाण्याआधी एकदा...”

बाई पायरीवर बसल्या. दिवसाढवळ्या, न पुसलेल्या पायरीवर.

“हेर बीलर,” त्या म्हणाल्या, “मी त्या छपराकडे बघून रडवेली होत होते ती ते करपलं म्हणून नाही. ते मेलं की तुम्ही जाल म्हणून. मला हिरवं छप्पर नको. ते वाळू दे, काळं पडू दे, त्यावर कावळे घरटी करू देत. मला तुम्ही खाली हवे आहात. दुपारच्या झोपेचं खोबरं करायला.”

बीलरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “तुम्ही तर दुपारी झोपतच नाही,” ते म्हणाले.

“नाही झोपत.”

“मला माहीत होतं. पडदा हलतो.”

“ते पाणी माझ्या जिरेनियमला घाला,” बाई उठत म्हणाल्या. “आणि माझी पाळी असताना पुन्हा त्या खिडकीत दिसू नका.”

आनेग्रेट शनिवारी दुपारी व्हॅन घेऊन आली; बापासारखीच रुंद खांद्यांची, घाईतली. तळघरात खोकी एकावर एक रचून ठेवली होती. तिने पहिलं खोकं उचललं आणि अंगणात आली तोच दिवस मावळल्यासारखा अंधार झाला. डोंगरामागून तोच पिवळट काळा ढग.

“आत घे ते,” बीलर म्हणाले.

कोसळायला लागलं. वासिलिकी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत, मल्टे जिन्याच्या दारात. बाई आणि बीलर तळघराच्या वरच्या पायरीवर एका छत्रीखाली उभे राहिले आणि समोरच्या पाइपाकडे बघू लागले. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा या वेळी राहिली नव्हती. छत्रीच तेवढी होती.

पाइप गप्प होता.

पाऊस अंगणावर नाचत होता, गल्लीतून मातीचं पाणी धावत होतं, आणि पाइप गप्प होता.  बऱ्याच वेळाने पाइपाच्या तोंडाशी एक थेंब आला, लोंबकळला, पडला. मग दुसरा. मग करंगळीएवढी धार, आणि ती तेवढीच राहिली. गटाराच्या जाळीने सगळं पाणी निमूट गिळलं. वर ते भुंडं, तपकिरी, अस्ताव्यस्त छप्पर पीत होतं.

“पितंय,” बीलर म्हणाले.

“तहानलेलं होतं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले नाहीत. छत्री धरलेली होती.

पाऊस ओसरला तेव्हा तळघराची फरशी कोरडी होती. आनेग्रेटने खाली जाऊन तळहात टेकवून पाहिलं आणि वर आली. तिने बापाकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, जी पाऊस थांबूनही मिटलेली नव्हती.

“मग? भरायची का खोकी?”

“गॅरेज कोरडं असेल ना तुझं?” बीलर म्हणाले. “मग ठेव त्यात तुझी गाडी.”

आनेग्रेट रिकामी व्हॅन घेऊन परत गेली. अगदीच रिकामी नाही. बाईंनी बटाट्याच्या सॅलडचं भांडं आणि अर्धा पाव पुढच्या सीटवर ठेवला होता, आणि भांडं परत आणून द्यायला तिला पुढच्या महिन्यात यायला लावलं होतं.

बीलरांनी एक खोकं फोडलं आणि आतलं अकॉर्डियन पोटाशी धरून वाजवायला घेतलं. शनिवार संध्याकाळ होती. गल्लीभर खराटे खरखरू लागले होते. पावसाने झोडपलेली पानं फुटपाथवर जाडच्या जाड साचली होती, आणि फ्राउ फेत्सर झाडता झाडता मान उंचावून समोर बघत होत्या. लेप्लेबाईंच्या दाराला त्या दिवशी दोन्ही पाट्या होत्या, झाडण्याची आणि काही न करण्याचीही. खराटा भिंतीला टेकवलेला होता. बाई खाली तळघराच्या पायरीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, आणि ऐकत होत्या.